ग्रुपात नवी, शिवारात जुनी

पत्र जालना जिल्ह्यातून आलं आहे. लिहिणारे साठीच्या पुढचे, निवृत्त माध्यमिक शिक्षक. पक्षी बघण्याचा छंद वीस-बावीस वर्षांचा. जालना, बीड, संभाजीनगरकडच्या हौशी मंडळींचा त्यांचा ग्रुप आहे. सुरुवातीला रविवारी एका जीपमध्ये बसून जायकवाडीला जाणारी सात-आठ माणसं होती. पुढे व्हॉट्सअॅप आलं आणि लॉकडाऊननंतर सभासद चारशेच्या घरात गेले. यंदा हरभरा उभा असताना ग्रुपमधल्या एका नव्या मुलीनं शृंगी घुबडाच्या घरट्याचा फोटो टाकला, गावाच्या नावासकट आणि लोकेशनसकट. घरटं तिच्या मामाच्या शेतालगत, ओढ्याच्या दरडीत. दोन दिवसांत कॅमेरेवाल्यांच्या गाड्या शेतात घुसल्या, मामांचा हरभरा तुडवला गेला. पत्रलेखकांनी तिला ग्रुपवर सगळ्यांसमोर सुनावलं: "दोन लाखांची लेन्स गळ्यात घातली म्हणून कुणी पक्षीमित्र होत नाही. आम्ही उन्हातान्हात फिरत होतो तेव्हा तुम्ही पाळण्यात होता. आधी शिका, मग फोटो टाका." मुलगी ग्रुप सोडून गेली. तिच्यामागं वीस-पंचवीस जण गेले आणि त्यांनी वेगळा ग्रुप काढला. तिथं आपल्यावर विनोद फिरतात, असं यांच्या कानावर आलं आहे. ते विचारतात, "हौशा-नवशा-गवशांनी वाटोळं केलं. आम्ही पाच-सहा जुन्यांनी बाहेर पडावं, की अॅडमिनला सांगून असल्यांना काढायला लावावं, की तोंड मिटून बसावं?" पत्रात आणखी एक वाक्य आहे: "पूर्वी असं नव्हतं. आमचे घरट्यांचे फोटो पेपरच्या पुरवणीत गावाच्या नावासकट छापून यायचे, पण कुणी असं धावत सुटत नव्हतं."

नमस्कार सर,

घरट्याबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल. घरट्याचा पत्ता चव्हाट्यावर मांडायचा नसतो. दिवसाउजेडी माणसांच्या गर्दीनं घुबडाची मादी उठली की कावळे तिच्या मागं लागतात आणि तेवढा वेळ अंडी-पिल्लं उघडी पडतात. शृंगी घुबड दरडीत, कपारीत, कधी सरळ जमिनीवरच अंडी घालतं. तिथवर चालत जाता येतं, म्हणून त्याला माणसाचा धोका जास्त. त्यात आपल्याकडे घुबड म्हणजे अपशकुन. दिवाळीच्या अमावस्येच्या आगेमागे अघोरी पूजेसाठी घुबडं पकडणारेही आहेत, आणि फोटोवाल्यांना दिलेलं लोकेशन त्यांच्याही हाती लागतं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यातली शिकारीची व्याख्या पाहिलीत तर तीत वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणं, त्यांना त्रास देणं हेही येतं. बंदूक लागत नाही.

आता तुमचा तो संदेश पुन्हा वाचा. वर मी लिहिलं त्यातलं एक तरी कारण त्यात आहे का? लेन्सची किंमत आहे, तुमची वर्षं आहेत, तिचा पाळणा आहे. घुबड कुठंच नाही. "आधी शिका" म्हणालात, पण काय शिकायचं ते सांगितलं नाहीत. तुमच्यासारख्या शिक्षकानं वर्गात असं केलं नसतं.

मला वाटतं, त्या दिवशी तुम्हाला एकाच वेळी दोन राग आले होते. एक घरट्यासाठीचा, तो रास्त होता. दुसरा असा की ज्या ग्रुपात कालपरवापर्यंत तुमचा शब्द शेवटचा होता, तिथं काल आलेली मुलगी एका फोटोवर शंभर अंगठे घेऊन जाते. हा रागही माणसाला साहजिकच येतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण पहिल्या रागाच्या पदराआड दुसरा बोलायला लागला की समोरच्याला दुसराच ऐकू येतो. त्या वीस-पंचवीस जणांनी घरट्याविरुद्ध बंड केलेलं नाही. पाळण्याचं वाक्य त्यांच्या जिव्हारी लागलं.

पूर्वी असं नव्हतं, असं तुम्ही लिहिता. त्याच वाक्यात तुमच्या घरट्यांच्या फोटोखाली गावाचं नाव छापून आल्याचंही लिहिता. सर, म्हणजे पूर्वी हेच होतं. फरक एवढाच की पुरवणी वाचून गाडी काढणारं कुणी नव्हतं. त्या काळी घरट्यातली पिल्लं, चोचीत अळी धरून आलेली मादी, असे फोटो म्हणजे छायाचित्रकाराच्या चिकाटीची कसोटी मानली जायची. आज बऱ्याच निसर्ग-छायाचित्र स्पर्धा घरट्यातले फोटो घेतच नाहीत. नियम बदलला, आणि बदलला ते चांगलंच झालं. पण तो तुमच्यात वीस वर्षांत हळूहळू मुरला: कुणी जीपमध्ये बोलताना, कुणी तळ्याच्या काठावर दटावून, एखादं घरटं डोळ्यांदेखत उजाडलेलं पाहून. त्या मुलीनं तो ग्रुपात आल्याच्या पहिल्या थंडीतच ओळखावा, ही तुमची अपेक्षा. ग्रुपच्या माहितीत तो कुठं लिहिलाय का? तुमच्या पत्रावरून तरी तसं दिसत नाही.

ही तक्रार तुमच्या ग्रुपपुरती नाही, आणि मोबाइल पिढीचीही नाही. इंटरनेट घरोघरी यायच्या कितीतरी आधी, १९८० पासून, अमेरिकेतल्या विद्यापीठांतून यूजनेट नावाची चर्चेची व्यवस्था चालायची. दर सप्टेंबरला कॉलेजात नवी मुलं यायची, वेड्यासारखे प्रश्न विचारायची, जुने लोक महिनाभर कुरकुरत त्यांना रीतभात शिकवायचे आणि पुढं सगळं सुरळीत व्हायचं. १९९३-९४ च्या सुमाराला कंपन्यांनी सर्वसामान्य ग्राहकांनाही तिथं वाट करून दिली आणि नव्यांचा लोंढा थांबेचना. जुन्यांनी वैतागून त्याला न संपणारा सप्टेंबर असं नाव ठेवलं. ते नाव आजही चालतं.

त्यांचा सप्टेंबर म्हणजे तुमचा जून. शाळेत दर जूनला नवी पाचवी यायची, दरवर्षी तेच प्रश्न विचारायची, आणि "हे मी मागच्या वर्षी सांगितलंय" असं तुम्ही कुणाला म्हणाला नसाल. चाळीस पोरं आणि एक शिक्षक, एवढं निभतं. एका वर्गात चारशे कोंबली असती तर तुमच्यासारखा शिक्षकही खेकसायला लागला असता. तुमच्या ग्रुपाचं नेमकं हेच झालंय. जीपमध्ये आठ माणसं होती तेव्हा नवा माणूस तुमच्या शेजारी बसून शिकायचा, नियम लिहायची गरजच नव्हती. व्हॉट्सअॅपनं २०२२ मध्ये ग्रुपची मर्यादा २५६ वरून आधी ५१२ आणि मग १०२४ केली, तुमच्या अॅडमिननं मोकळ्या मनानं दार उघडं ठेवलं, आणि शिकवण्याची जुनी तऱ्हा मात्र जीपएवढीच राहिली. पिढी बिघडली असं म्हणण्याआधी हा हिशोब एकदा मांडून बघा. बिघडलेल्या पिढीवर उपाय नसतो, तुटलेल्या व्यवस्थेवर असतो.

पण पत्रातली मला सगळ्यात अडलेली गोष्ट वेगळीच आहे. तुम्ही त्या मुलीला नवखी म्हणता. घरटं तिच्या मामाच्या शेतालगतच्या ओढ्यात. तुमच्याआधी त्या घुबडाचा घुत्कार कुणी ऐकला असेल? सुट्टीत मामाकडं राहायला आलेल्या पोरीनं ऐकला असेल. तिच्या मामानं ऐकला असेल, त्याच्या बापानं ऐकला असेल. शिवारात उंदीर-घुशींचा बंदोबस्त करणारा हा पक्षी त्या घरानं अपशकुनी म्हणून हाकलला नाही, तो तिथं टिकला, म्हणून तर तुम्हाआम्हाला त्याचा फोटो बघायला मिळाला. पक्षीनिरीक्षकांच्या ग्रुपात ती नवी आहे, कबूल. त्या ओढ्यावर मात्र तुम्ही-आम्ही पाहुणे आहोत, आणि गाड्या आपल्यातल्याच लोकांच्या घुसल्या. जीपवाल्या दिवसांतही आपण कुणाच्या तरी बांधावरूनच हिंडत होतो आणि कुणाच्या तरी आखाड्यावर पाणी पीत होतो. जुने-नवे हा हिशोब फक्त ग्रुपात येण्याच्या तारखेवरून केला की शेतकरी त्यातून कायमचा बाहेर पडतो. मराठवाड्यात माळ, ओढे, पाझर तलाव शेतांना लागूनच आहेत. इथं हे परवडणारं नाही.

तिला शिक्षाही आधीच मिळाली होती. हरभरा तिच्या मामाचा तुडवला गेला. त्या घरी ती काय तोंड घेऊन बसली असेल याची कल्पना करा, आणि तशात तुमचा संदेश आलेला.

सालिम अलींची गोष्ट तुम्ही शाळेत मुलांना सांगितलीच असेल. तरीही आज ती तुम्हालाच सांगते. १९०८ च्या सुमाराला मुंबईतल्या एका मुलानं छऱ्याच्या बंदुकीनं चिमणी मारली. गळ्यावर पिवळा डाग दिसला म्हणून मामा अमीरुद्दीन तय्यबजींना विचारलं. मामांनी चिठ्ठी देऊन त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. तिथले मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड हे बडं प्रस्थ. समोर अनोळखी पोरगा, हातात मेलेली चिमणी. मिलार्डनी ती ओळखून दिली आणि पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्यांचे कप्पे एकामागून एक उघडून त्याला दाखवले. पुढं याच मुलानं १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला निजामाच्या हैदराबाद राज्यातल्या पक्ष्यांची पाहणी केली. आपला मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता. संभाजीनगरात दिल्ली दरवाजाजवळच्या तळ्याला आज त्यांचं नाव आहे. त्या काळी पक्षी मारूनच अभ्यास व्हायचा, तेव्हा मिलार्डना त्यात वावगं दिसलं नसेल, हे खरं. म्हणून त्यांच्या मोठेपणाची आरती ओवाळायला मी सांगत नाही. एवढंच बघा की पोरगा पक्षी घेऊन आला तेव्हा त्यांनी बोलणं पक्ष्यापासून सुरू केलं, पोराच्या लायकीपासून नाही.

आता तुमचे तीन पर्याय.

वेगळा छोटा ग्रुप खुशाल काढा. समवयस्कांनी निवांत गप्पा माराव्यात, घरट्यांच्या जागा आपसांत ठेवाव्यात, त्यात गैर काही नाही. पण मोठा ग्रुप सोडून जाऊ नका. जाणकार एका खोलीत आणि ज्यांना जाणायची गरज आहे ते दुसऱ्या खोलीत, अशी वाटणी झाली तर पुढच्या थंडीत घरट्याचं लोकेशन पुन्हा पडेल, आणि "काढ ते" म्हणणारं तिथं कुणी नसेल.

काढून टाकण्याचा पर्याय राखून ठेवा. तो चुकणाऱ्यासाठी नाही. नीट समजावल्यावरही जो घरट्याशी जातो, मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावतो, फांद्या छाटून फोटो काढतो, त्याच्यासाठी आहे. त्याला काढाच, आणि घरट्यापाशी सापडला तर ग्रुपवर वाद घालत बसू नका, वन विभागाच्या १९२६ या नंबरवर फोन करा.

गप्प बसण्याबद्दल काय बोलणार? ते तुम्हाला जमणार नाही, आणि जमलंच तर ग्रुपचं नुकसान आहे.

मी तुमच्या जागी असते तर आधी अॅडमिनला घेऊन बसले असते आणि नियम लिहून काढले असते. चार-पाच ओळी पुरेत, पण प्रत्येक ओळीला कारण जोडलेलं हवं. "घरट्याचं लोकेशन टाकू नये" एवढ्यानं भागत नाही. "पिल्लं उडेपर्यंत घरट्याचा फोटो आणि जागा टाकू नये, तालुका सांगितला तरी पुरे, कारण गर्दीनं मादी उठते" असं लिहा. ज्याला कारण कळतं त्याला उद्या नियमात न बसणारा प्रसंग आला तरी काय करायचं ते सुचतं. शेतात शिरण्याआधी मालकाला विचारायचं, ही ओळ त्यात हवीच. मला विचाराल तर तीच पहिली हवी. हा मजकूर ग्रुपच्या माहितीत ठेवा, नव्या माणसाला जोडताना पाठवा, आणि दरवर्षी पक्षी सप्ताहात, ५ ते १२ नोव्हेंबरला, पुन्हा टाका. मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिवसांमधला तो आठवडा आहे आणि घुबडांच्या विणीचा हंगामही तेव्हापासून जवळ आलेला असतो. मजकूर मात्र ग्रुपच्या नावानं जाऊ द्या, तुमच्या नावानं नको. नियम माणसाचा झाला की तो मोडणं म्हणजे त्या माणसाला खिजवणं होऊन बसतं.

चूक दिसली तर चारचौघांत बोलू नका. अॅडमिनला आता कुणाचाही संदेश सगळ्यांसाठी पुसता येतो. त्यानं तो पुसावा आणि दोन मिनिटांत त्या माणसाला खासगीत लिहावं. "फोटो झकास आलाय. पण पिल्लं बाहेर पडेपर्यंत जागा सांगू नको, गर्दी झाली की मादी उठते अन् कावळे टपलेलेच असतात. संध्याकाळी फोन कर, बोलू." घुबडाला एवढं पुरलं असतं. मामांच्या हरभऱ्यालाही.

"हा कोणता पक्षी?" या रोजच्या प्रश्नाचा तुम्हाला कंटाळा येतो, तो मला समजतो. त्यावर चिडण्यापेक्षा पाळी लावा: या आठवड्यात उत्तरं अमुकनं द्यायची, पुढच्या आठवड्यात तमुकनं. विचारणाऱ्यानं आधी मर्लिनसारखं फुकट मिळणारं अॅप लावून बघावं आणि मग फोटोसोबत तारीख, तालुका, पाण्याकाठी दिसला की माळावर, एवढं लिहूनच विचारावं. अॅप चुकतंही, आणि ते का चुकलं हे सांगताना तुमच्यातल्या शिक्षकाला बरं वाटेल. नव्यांपैकी जे तयार झाले आहेत त्यांनाही पाळीत घ्या. ते एखादं उत्तर चुकीचं देतील. देऊ द्या, दुरुस्त करता येतं.

आणि त्यांना काम द्या. नुसत्या चर्चेत जुने-नवे भांडतात, पक्षी मोजायला बसले की भांडायला सवड नसते. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, आपल्या उपखंडात ती १९८७ पासून चालू आहे. नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, केवढा पसरलाय ते तुम्हाला मी सांगायला नको. अभयारण्य होऊनच त्याला आता चार दशकं होत आली. तुम्ही सहा जुने मिळून सोनवाडीपासून कायगाव टोक्यापर्यंतचा काठ एका सकाळी मोजू शकणार नाही. चक्रवाक आणि पट्टकादंबांचा थवा उडाला की एकाला दुर्बीण धरावी लागते, एकाला आकडा बोलावा लागतो, एकाला लिहावं लागतं. एका जुन्यासोबत दोन नवे अशा टोळ्या करा. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर याद्या भरायचं काम तरुणांकडं सोपवा, त्यात ते तुमच्यापेक्षा सरस निघतील. संवेदनशील जातींच्या जागा ईबर्ड स्वतःच झाकून ठेवतं, हे त्यांनाच तुम्हाला दाखवू द्या. त्यांच्याकडून काही शिकलात की "आधी शिका" हे वाक्य तुमच्या तोंडून आपोआप कमी येईल.

सदर वाचणाऱ्या तरुण मंडळींशीही दोन शब्द. जुन्यांचा तिरसटपणा सहन करा असं मी सांगणार नाही, पण ग्रुपात शिरल्यावर आधी आठ-पंधरा दिवस नुसतं वाचा. कुणाला जागा विचारू नका. ओळख वाढली की माणसं स्वतःच घेऊन जातात. आणि कुणी खडूसपणे बोललं तरी त्यातलं खरं तेवढं उचला. त्या मुलीला सरांनी वाईट शब्दांत सांगितलं, पण सांगितलेलं खोटं नव्हतं. वेगळा ग्रुप काढून सरांचे विनोद फिरवणाऱ्यांनी आपल्या ग्रुपात तरी घरट्याचा नियम लिहिलाय का, हे मला विचारायचं आहे.

सर, शेवटी एक राहिलंच. तुमचं पत्र चांगलं चार पानांचं आहे. कोण काय बोललं, कोण कुणासोबत गेलं, सगळं त्यात आहे. घरट्याचं पुढं काय झालं, ते मात्र नाही. पिल्लं होती का, मादी परतली का, हे तुम्हाला ठाऊक नसेल तर ते कळण्याची एकच वाट आहे आणि ती त्या मुलीकडूनच जाते. तिला फोन करा. संदेश पाठवू नका, फोनच करा. मला तसं बोलायला नको होतं, एवढं म्हणा आणि "पण" लावू नका. मग घुबडाची चौकशी करा. ती बोलली, तर मामांकडं नेशील का म्हणून विचारा. जाल तेव्हा गाडी गावातच ठेवा, एकटे जा, कॅमेरा नेऊ नका. हरभऱ्याचं किती नुकसान झालं ते मामांना विचारा आणि ग्रुपातून वर्गणी काढून भरून द्या. त्या गाड्या कुणाच्या होत्या ते ग्रुपला माहीत असणारच, सुरुवात त्यांच्यापासून करा. ते नकोच म्हणाले तर पुढच्या हंगामात त्यांच्या परवानगीशिवाय त्या शिवारात कुणी पाऊल टाकणार नाही, असा शब्द द्या, आणि ग्रुपचे नियम लिहायला बसाल तेव्हा त्यांनाही बोलवा. ती मुलगी ग्रुपात परत येईल की नाही, ते तिचं तिला ठरवू द्या.